एकटीच्या नऊ दिवसांतले सहा

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली पाटी: पातेलं वापरलंत तर घासून ठेवा. चीजवर नाव नसलं तरी ते कुणाचं तरी असतं.

*

"जिल, किती वाजले?"

*

चीज-कांद्याचं सारण भरलेली पेस्टी, एक. आजच संपवावी. पिवळी चिठ्ठी. निम्मी किंमत, त्यावर आणखी एक पिवळी चिठ्ठी, म्हणजे निम्म्याची निम्मी.

*

लिंकनमध्ये एका रस्त्याचं नावच 'खडी चढण' असं आहे. ज्यानं ठेवलं त्याला थट्टा सुचली नव्हती, त्याला दम लागला होता.

*

पाठीवरची पिशवी भाच्याची. बाजूच्या कप्प्यात कुठल्या तरी गाण्याच्या जत्रेतला चिखल अजून वाळून बसलेला.

*

माझ्या आजीला 'नको' म्हणता येत होतं. आईला तर फारच छान येतं. मधल्या मध्ये मी.

*

हे सगळे तुकडे एकाच आठवड्यातले आहेत. मी ते जोडायचा प्रयत्न करून पाहिला, पण प्रत्येक वेळी ट्रेव्हर मध्ये येतो. म्हणून आता त्याच्यापासूनच सांगते.

नाही. आधी आई.

आई अठ्ठ्याऐंशीची आहे. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी बर्नलीच्या त्याच घरात आहोत. तिला वेळ विचारायची सवय लागली त्याला आता सहा वर्षं झाली. सकाळी उठल्यापासून ती दर पाच-सात मिनिटांनी विचारते, आणि मी सांगते. घड्याळ तिच्या समोरच आहे, मोठ्या आकड्यांचं, मीच आणलेलं. पण तिला घड्याळ नको असतं, उत्तर हवं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिडू नका. मी चिडत नाही. फक्त संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडात दुसरा शब्द उरत नाही.

मेमध्ये कौन्सिलकडून पत्र आलं. आईला नऊ दिवस वृद्धनिवासात ठेवून घेतील, मला विसावा म्हणून. वहिनी म्हणाली, स्पेनला जा, ऊन खा. मी म्हटलं, जुनी शहरं बघेन. लिंकन, यॉर्क, डरहॅम, जमलं तर एडिंबरा. स्वस्तात, वसतिगृहाच्या खाटेवर झोपून, लोकल बसने. बसला कितीही लांब जा, तिकीट तेवढंच.

वहिनीला वाटलं मला इतिहासाची आवड आहे. तसं काही नाही. समुद्रकिनाऱ्यावर एकटी बाई बसली की कुणी ना कुणी बरं आहे ना विचारायला येतं. पण जुन्या भिंतीपुढे मान वर करून उभ्या राहिलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. लोकांना वाटतं, ती खांब बघते आहे. मला नऊ दिवस कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. एवढंच हवं होतं. दुसरं काहीही नाही.

*

आता ट्रेव्हर.

सोमवारी संध्याकाळी लिंकनच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकघरात मी किटली भरली. कोपऱ्यातल्या टेबलाशी साठी ओलांडलेले एक गृहस्थ नकाशा पसरून बसले होते. उंच, कान मोठे, मोजे सँडलमध्ये. आमच्याकडे खोलीत दुसरं माणूस असताना आपल्यापुरता चहा करता येत नाही. तसा कायदा नाही, पण असता तर इतका पाळला गेला नसता. म्हणून मी विचारलं, चहा घेणार का. ते म्हणाले, करतच असाल तर.

करतच होते. केला. मग कप हातात घेऊन लगेच खोलीत निघून जाणं बरं दिसेना, म्हणून बसले. त्यांनाही नकाशात परत डोकं घालणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी त्याची घडी घातली. ट्रेव्हर पिंचबेक, ग्रिम्सबीचे. मी म्हटलं, जिलियन ऑर्मरॉड. पुढे कुठे? यॉर्क. अरे वा, मीही. बुधवारी? बुधवारी. मग म्हणाले, थेट बस नाही, चार बदलाव्या लागतात, पण मला चारही पाठ आहेत, तुम्हाला काळजीच नको.

मी म्हटलं, "किती छान."

आमच्या तोंडचं 'किती छान' म्हणजे काय, ते आमच्यातल्यांनाही नीट कळत नाही.

त्या रात्री मी नाही म्हणणारच होते. पण खोलीकडे जाताना जिन्यात ते म्हणाले, ग्वेनला हे फार आवडलं असतं, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. कॅथेड्रलवर उजेड सोडला होता. बोटात अंगठी होती. झालं. बायको गेलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार?

*

प्रयत्नांची नोंद.

मंगळवार, लिंकन, खडी चढण.
म्हणायचं होतं: मी जरा एकटीच फिरते.
म्हटलं: तुमच्या गुडघ्यांना त्रास नाही ना होत?

बुधवार, स्कन्थॉर्प, बस थांबा.
म्हणायचं होतं: आपण वेगवेगळ्या सीटवर बसू या का?
म्हटलं: खिडकीशी तुम्ही बसा.

बुधवार, गूल. पाऊस, छत गळकं.
म्हणायचं होतं: मला बोलायचं नाहीये.
म्हटलं: अर्धी पेस्टी घ्या ना.

बुधवार, सेल्बी.
म्हणायचं होतं: (विसरले. मला फक्त रडायचं होतं, आणि ते शेजारी बसून पाणी देत होते.)

*

त्यांच्याबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते फार बोलत नव्हते. माणूस बडबड्या असता तर मी वैतागून का होईना सुटले असते. ते फक्त दर पंधरा मिनिटांनी वळून विचारायचे, "ठीक ना?"

मी म्हणायचे, "ठीक."

यॉर्कच्या तटाचं उदाहरण घ्या. गुरुवारी सकाळी तटावर चढलो तेव्हा मला आशा वाटली. वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत, आणि काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडाच नाही. ते पुढे, मी मागे. खाली लोकांची परसं, वाळत घातलेले कपडे, कुणाची तरी मांजर. चाळीस-पन्नास पावलं माझ्यासोबत खरंच कुणी नव्हतं. माझ्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरायला लागलं. तेवढ्यात ते थांबले, भिंतीला हात लावून वळले.

"ठीक ना?"

समोरून एक शाळा येत होती, तीस पोरं, एकामागोमाग एक. ती सगळी आमच्यापाशी खोळंबली. मी म्हटलं, "ठीक," आणि पोरांना म्हटलं, "सॉरी." पोरं म्हणाली, सॉरी. ट्रेव्हर म्हणाले, सॉरी. मास्तरीणबाई मागून ओरडून म्हणाल्या, सॉरी.

मिन्स्टरमध्ये, म्हणजे यॉर्कच्या कॅथेड्रलमध्ये, जायला तिकीट जबर आहे. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणालाही फुकट बसता येतं, आणि गाणारेही उत्तम असतात. हे सगळ्या स्वस्तात फिरणाऱ्यांना माहीत असतं. म्हणून प्रार्थनेच्या वेळी तिथे निम्मे भाविक असतात आणि निम्मे पाठीवर पिशवीवाले. मी मुद्दाम ट्रेव्हरच्या आधी आत शिरून ओळीच्या टोकाची, खांबाला लागलेली जागा धरली. शेजारी जागाच नाही. ते आले, बघितलं, समजूतदारपणे मान हलवली आणि पलीकडे गेले. मी विसरले होते, गायकांच्या भागात बाकं एकमेकांकडे तोंड करून असतात. पाऊण तास ते माझ्या बरोबर समोर बसले होते. पोरं गात होती, आवाज छतापर्यंत जाऊन परत येत होता. मी मान वर केली, तर समोरून ट्रेव्हर भुवया उंचावून, ओठांनी, आवाज न करता विचारत होते.

ठीक ना?

*

मी फोन बघायचे, वृद्धनिवासातून काही निरोप आहे का म्हणून. तिथे फक्त हवामान असायचं. मी फोन खाली ठेवला की ट्रेव्हरच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. मला वाटायचं, बिचाऱ्याला बायकोची आठवण येतेय.

*

शुक्रवारी थर्स्क, नॉर्थअलर्टन, डार्लिंग्टन, डरहॅम. शनिवारी डरहॅम. शनिवारचं मी सांगत नाही. नदी कॅथेड्रलला तिन्ही बाजूंनी वळसा घालते आणि काठाने झाडीतली वाट आहे. ती वाट आम्ही दोघं मिळून चाललो.

त्या संध्याकाळी खाटेवर बसून मी बोटं मोजली. सहा दिवस गेले होते. तीन राहिले होते. बुधवारी सकाळी आई घरी येणार. त्यानंतरचे विसाव्याचे दिवस कधी मिळतील ते कौन्सिललाही ठाऊक नव्हतं. भिडेपायी माणूस काय काय गमावतं ते मला माहीत होतं. माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलेलं. पण हे सहा दिवस मी कुणाला दिले होते, तर आठवड्यापूर्वी ज्याचं नावही ठाऊक नव्हतं अशा माणसाला. आणि त्यानं ते मागितलेही नव्हते.

मी ठरवलं, पळून जायचं.

चिठ्ठी लिहिली. प्रिय ट्रेव्हर, घरून फोन आला, आईला जरा बरं नाही, मला परत जावं लागतंय. तुमची सोबत किती छान होती. घरून फोन आलेला नव्हता. आईच्या तब्येतीवर खोटं बोलताना पेन जरा अडलं, पण लिहिलं.

रविवारी पहाटे साडेसहाला उठले, बूट हातात घेऊन जिना उतरले, चिठ्ठी स्वयंपाकघरात त्यांच्या कपाखाली ठेवली आणि बाहेर आले. न्यूकॅसलची पहिली बस सात दहाला. रविवार, त्यामुळे पुढची थेट तासाने. रस्ते ओले, एकही माणूस नाही. उतारावरून मी जवळजवळ पळतच गेले. कोपरा वळले.

थांब्यावर ट्रेव्हर उभे होते. पाठीवर पूर्ण भरलेली पिशवी, खाली गुंडाळी केलेली चटई, हातात सँडविचचा डबा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मॉर्निंग," ते म्हणाले.

"मॉर्निंग."

"लवकर उठलात."

"तुम्हीही."

"हवा खायला आलो जरा," ट्रेव्हर म्हणाले. चटई त्यांच्या खांद्यामागून हळूहळू सुटत होती.

"मीही," मी म्हटलं.

मग आम्ही दोघं रस्त्याकडे बघायला लागलो. हवा खात.

बस आली. दार उघडलं. चालक एक जाडजूड बाई होत्या, केस लालभडक रंगवलेले. ट्रेव्हर बाजूला झाले आणि म्हणाले, तुम्ही जा. मी म्हटलं, छे, रांगेत तुम्ही पहिले. ते म्हणाले, मला घाई नाही. मी म्हटलं, मला तर मुळीच नाही. ते म्हणाले, मी पुढच्या बसने येईन. मी म्हटलं, नाही, पुढच्या बसने मीच जाणार होते. त्यांनी हात पुढे केला, मी हात पुढे केला, जणू दोघं मिळून बस ढकलतोय.

"पोरांनो," चालकबाई म्हणाल्या, "मला न्यूकॅसलला पोचायचंय. लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"आमचं नाही झालेलं," आम्ही एकदमच म्हणालो.

"मग भांडण तरी नीट करा," त्या म्हणाल्या, दार लावलं आणि गेल्या.

बस उताराला लागून पुलावर गेली, दिसेनाशी झाली. थांब्यावर आम्ही दोघं, दोन पिशव्या आणि एक तास.

मी पिशवी खाली टेकवली. राग आला नव्हता. इतकं सोपं काहीतरी मी सहा दिवस हातात धरून होते आणि आता हात भरून आला होता.

"ट्रेव्हर," मी म्हटलं, "मला एकटीला जायचंय. आजच नव्हे. पहिल्या दिवसापासून."

ते बाकावर बसले. सावकाश, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून. मला वाटलं, झालं, एका विधुराला मी रविवारी सकाळी बस थांब्यावर मारून टाकलं. सॉरी म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"मलाही," ते म्हणाले.

"काय?"

"मलाही एकट्यालाच जायचं होतं. लिंकनपासून."

मी पण बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

"मग चहा कशाला घेतलात?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी विचारलं कारण तुम्ही तिथे होतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे मोठे कान लाल व्हायला लागले आणि खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. हसत होते. मग मीही. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी पडदा सरकवून बघितलं आणि परत लावला.

हसून झाल्यावर त्यांनी सांगितलं. सव्वीस वर्षं ते एका पाणीपुरवठा कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायचे. सकाळी आठ ते चार, लोकांचे नळ, लोकांचे पाइप, लोकांचा संताप. एप्रिलमध्ये निवृत्त झाले. त्यांना दहा दिवस असे हवे होते की कुणाचाही आवाज कानावर पडू नये. घरून निघताना त्यांनी तेवढंच मागितलं होतं.

"पण मग मला सारखं विचारत का होतात, ठीक ना म्हणून?"

"तुम्ही घाबरलेल्या दिसायचात. सारखा फोन बघायचात. मला वाटलं, पहिल्यांदाच एकटी निघालेली बाई, वाटेत सोडून कसं जायचं? ग्वेननं माझं डोकं फोडलं असतं."

मी म्हटलं, ग्वेनचं ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. केव्हा गेल्या?

"कुठे?" ट्रेव्हर म्हणाले.

ग्वेन घरीच होती. ग्रिम्सबीला. तिला जिने चढवत नाहीत, म्हणून ती आली नाही. आणि ते दहा दिवस घरात नाहीत म्हणून तिनं बहिणीला बोलावून घेतलं होतं. दोघींची मजा चाललीय, ते म्हणाले, सारखे फोटो पाठवतात, कालच्या फोटोत केक होता.

मग मी आईचं सांगितलं. थोडक्यात. वेळ विचारते एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काही म्हटलं नाही. सव्वीस वर्षं ऐकून घेतलेल्या माणसाला कुठे काही म्हणू नये ते कळत असावं.

सात वीस झाले होते. पुढची बस आठ दहाला.

"आता आपण बोलायलाच पाहिजे असं नाही," ट्रेव्हर म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "नको."

आम्ही बोललो नाही. ते बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. त्यांनी डबा उघडून सँडविच खाल्लं, आणि मला विचारलं नाही. त्याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. रस्त्यावरून एक दूधगाडी गेली. वरती कॅथेड्रलची घंटा व्हायला लागली, सकाळच्या प्रार्थनेची, आणि बराच वेळ होत राहिली. भिंतीवर एक कावळा ओल्या पावाच्या तुकड्याशी झटत होता. मी त्याच्याकडे बघत बसले. मी त्याला काही सांगितलं नाही, त्यानंही मला काही विचारलं नाही. सहा वर्षांत मी इतका वेळ गप्प बसले नव्हते. एकदा ट्रेव्हर वळले, तोंड उघडलं, मिटलं, आणि परत समोर बघायला लागले. मला दिसलं. त्यांना त्याचा किती त्रास झाला तेही दिसलं.

आठ दहाची बस आली. दार उघडलं.

ट्रेव्हर रांगेत पहिले होते. मी उठले आणि सरळ आत गेले. "तुम्ही जा" म्हटलं नाही, सॉरी म्हटलं नाही. तिकीट काढलं, मागच्या सीटवर खिडकीशी बसले आणि पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला. मीही केला. ते नऊ दहाच्या बसने गेले असणार, किंवा भलतीकडेच. मी विचारलं नव्हतं.

न्यूकॅसल. बेरिक. तिथल्या गावाभोवतीच्या तटावरून फिरले, समुद्रावरून वारा आडवा येत होता. एडिंबरा, एक रात्र. वसतिगृहातल्या स्वयंपाकघरात एक जर्मन मुलगी पुस्तक वाचत बसली होती. मी किटली लावली, एकच कप केला आणि खोलीत नेला. पाठीमागे तिची नजर मला जाणवत होती, पण ती कदाचित माझी मलाच जाणवत होती. मंगळवारी लांब पल्ल्याच्या बसने घरी. तीन दिवसांत मी तिकिटाच्या खिडकीवर सोडून कुणाशी बोलले नाही. काय पाहिलं ते विचाराल तर दगड, पाणी, बरेचसे कावळे.

बुधवारी अकरा वाजता आईला आणलं. खुर्चीत बसवलं, कोट काढला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखं.

"किती वाजले गं?"

"सव्वाअकरा, आई," मी म्हटलं. माझा आवाज मला बरा वाटला.

डरहॅमहून निघालेली ती सात दहाची पहिली बस दुमजली होती, आणि वर-खाली पूर्ण रिकामी होती.